ठिपक्यावरचा ए

फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरची ओळख करून घ्यायची तर त्याच्या घरीच जायला हवं. दार उघडलं की समोर ५५० बाय ४०० पिक्सेलचं पांढरंशुभ्र अंगण. त्याला तो अंगण म्हणायचा नाही, स्टेज म्हणायचा. तयार कामाला मूव्ही म्हणायचा. टाइमलाइनची लांबलचक पट्टी, लायब्ररीचं कपाट, ब्रश-पेन्सिलींचा डबा, सगळं हाताशी. प्रोग्रॅमिंगचा मात्र कुठे मागमूस नाही. चित्रकलेच्या वर्गातून आलेल्या पोराला वाटावं, आपण बरोबर पत्त्यावर आलो. फ्लॅशची पहिली लबाडी हीच. याच लबाडीमुळे मी त्याला आजही गुरू मानतो.

जन्म १९९६चा. पाळण्यातलं नाव फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर, जन्मदाता जोनाथन गे. त्याच वर्षाअखेरीस मॅक्रोमीडियानं त्याला दत्तक घेतलं आणि फ्लॅश हे सुटसुटीत नाव ठेवलं. त्या घरात डायरेक्टर नावाचा वडीलधारा आधीपासून होता. सीडी-रॉमच्या राज्यातला तो मातब्बर. त्याचंही स्टेज होतं, नटसंच होता, लिंगो नावाची स्वतःची भाषा होती. फ्लॅश त्याच्यापुढे चणीनं लहान. पण चित्र तो ठिपक्या-ठिपक्यांनी न साठवता रेषा आणि वळणांच्या हिशोबात साठवायचा, त्यामुळे आहार अगदी बेताचा. मोडेमच्या त्या किर्र करणाऱ्या दिवसांत डायरेक्टरची फाइल पोहोचेपर्यंत चहा व्हायचा. हा तेवढ्यात येऊन नाचूनही दाखवायचा.

याला थांबणं मात्र ठाऊक नव्हतं. तुम्ही वरून खाली पडणारा चेंडू काढा. चेंडू पडायचा, शेवटची फ्रेम आली की पुन्हा वर जायचा, पुन्हा पडायचा. रात्रभर तसाच ठेवलात तर रात्रभर पडत राहायचा. म्हणून फ्लॅशच्या वर्गात शिकवली जाणारी पहिली आज्ञा ‘चाल’ नव्हती, ‘थांब’ होती. शेवटच्या फ्रेमवर क्लिक करायचं, अ‍ॅक्शन्सची खिडकी उघडायची, ‘स्टॉप’ लिहायचं, पुढे एक रिकामा कंस आणि अर्धविराम. बस.

मग टाइमलाइनकडे बघायचं. तिथे चित्र असलेल्या कीफ्रेमवर भरीव ठिपका असतो, रिकाम्या कीफ्रेमवर पोकळ. ‘स्टॉप’ लिहिलं की त्या ठिपक्याच्या डोक्यावर इंग्रजी लहान लिपीतला एक ए येऊन बसायचा. मोहरीएवढा. इथे आता नुसतं चित्र नाही, इथे हुकूम आहे, एवढंच तो सांगायचा. कित्येक मुलांच्या आयुष्यातली ती प्रोग्रॅमिंगची पहिली ओळ होती, आणि ती लिहिल्याचं त्यांच्या लक्षातही यायचं नाही. कारण त्यांना प्रोग्रॅम लिहायचाच नव्हता. त्यांना चेंडू थांबवायचा होता.

रागाची तऱ्हा निराळी. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर पक्षी ठेवून मधलं उडणं त्याच्यावर सोपवलं, म्हणजे ट्वीन केलं, की खूश होऊन एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ बाण ओढायचा. पण पक्ष्याचं सिम्बॉल करायचं राहून गेलं असेल किंवा एका टोकाला पक्षीच नसेल, तर बाणाच्या जागी तुटक रेघ यायची. आरडाओरडा नाही, की खुलासा नाही. रुसलेल्या माणसानं ताट सरकवावं तशी ती रेघ. कशावरून बिनसलं ते तुमचं तुम्ही शोधायचं.

नावाच्या बाबतीत तर फार कडक. लायब्ररीत ठेवलेलं सिम्बॉल म्हणजे पेणच्या कारखान्यातला साचा. त्यातून स्टेजवर हव्या तितक्या मूर्ती काढा, फाइलचं वजन फारसं वाढत नाही. पण ज्या मूर्तीशी बोलायचंय तिचं वेगळं बारसं करावं लागे. साच्याचं नाव वेगळं, मूर्तीचं वेगळं. नवशिका हमखास इथेच अडकायचा. पुण्यातल्या एका मल्टिमीडिया क्लासमधला हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की पाठ झालाय.

“सर, बटण दाबलं तरी पक्षी उडतच नाही.”

“नाव ठेवलंस का त्याचं?”

“ठेवलंय की. हे बघा, लायब्ररीत ‘पक्षी’ म्हणूनच आहे.”

“अगं, ते साच्याचं. स्टेजवरच्या पाखराचं काय? त्याला हाक कोण मारणार?”

मग प्रॉपर्टीजच्या पट्टीतली ती रिकामी चौकट सापडायची, नाव पडायचं आणि पाखरू उडायचं. वर्ग आणि वस्तू यांतला जो फरक इंजिनिअरिंगच्या पुस्तकात पानंच्या पानं घेतो, तो त्या मुलीला बारशातून कळला. कायमचा कळला.

घरात नातीही पाळली जायची. पक्ष्याच्या पोटात पंख ठेवला, तर पक्षी त्याचा पेरेंट. पंखाला पक्ष्याशी बोलायचं असेल तर थेट नाव न घेता ‘पेरेंट’ म्हणून हाक मारायची. सगळ्यात वरच्या मूळपुरुषाला ‘रूट’ म्हणायचं. पक्षी सरकला की पंख आपोआप सोबत सरकायचा, पंख स्वतःपुरता फडफडत राहायचा आणि त्याची फडफड पक्ष्याला अडवायची नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागायचं नाही.

याच्या अंगणात मोजमाप वरच्या डाव्या कोपऱ्यापासून चालायचं. शाळेच्या आलेखात वाय वर वाढतो, इथे खाली वाढायचा. पहिल्या दिवशी चिडचिड व्हायची. दुसऱ्या दिवशी गंमत लक्षात यायची: वाय वाढवत नेला की वस्तू पडते. आता वेग नावाचा एक आकडा घ्या. दर फ्रेमला वेगात एक मिळवा आणि तो वेग वायमध्ये मिळवा. चेंडू आधी सावकाश, मग भरभर खाली येतो, अगदी गच्चीवरून सुटल्यासारखा. जमीन लागली की वेगाला उणे ०.८ नं गुणा. उण्यामुळे दिशा उलटते, ०.८मुळे उसळी दर खेपेला थोडी कमी होते. टप, टप, टप करत चेंडू निवतो. टाइमलाइनवर त्याच्यासाठी एकही फ्रेम रंगवलेली नसते. गणितात काठावर पास झालेला मुलगा त्या ०.८च्या जागी ०.९ घालून बघतो, मग ०.५, मग १, आणि उसळी कमीच होईना हे बघून हसतो. अकरावीत जे समीकरण त्याला घाबरवायचं, ते इथे त्याच्या हातात चेंडूसारखं असतं.

स्पर्शाच्या बाबतीत फ्लॅश थोडा लोकलमधल्या चिडक्या प्रवाशासारखा. दोन गोष्टी एकमेकींना लागल्या का, हे विचारायला हिट टेस्ट नावाची सोय होती. दोन गोल चेंडू शेजारून निसटते गेले, मध्ये स्पष्ट फट दिसतेय, तरी हा ओरडायचा, “लागला! धक्का लागला!” कारण त्याला गोल दिसायचाच नाही, प्रत्येकाभोवतीची अदृश्य चौकोनी पेटी तेवढी दिसायची, आणि पेट्यांचे कोपरे भिडलेले असायचे. त्यावर मुलं स्वतःच तोड काढायची: दोन केंद्रांमधलं अंतर मोजायचं आणि ते दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेहून कमी असेल तरच धक्का मानायचा. पायथागोरस असा भांडण मिटवायला यायचा.

मुलखाचा नटवा, हेही सांगायला हवं. कुठल्याही वेबसाइटच्या दाराशी उभा राहून आधी आपलं नाटक दाखवायचा: अक्षरं फिरत यायची, गोळे उसळायचे, संगीत वाजायचं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘स्किप इंट्रो’. लोक तेच बटण आधी शोधायचे. संकेतस्थळं वापरायला सोपी असावीत यासाठी झगडणारे जेकब नीलसन यांनी २००० साली फ्लॅश ९९ टक्के वाईट असल्याचं मथळ्यातच लिहून टाकलं. तक्रार खरी होती. माणूस रेल्वेचं वेळापत्रक बघायला आलाय, त्याला नृत्यनाटिका कशाला? पण नव्यानं नाचायला शिकलेलं पोर पाहुण्यांपुढे नाचणारच.

मराठीशी त्याचं बराच काळ जमलं नाही. देवनागरीची जोडाक्षरं, वेलांट्या, रफार यांची घडी त्याला नीट बसवता येत नसे. मग आपल्याकडच्या मंडळींनी श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरून मजकूर टाइप करायचा आणि ‘ब्रेक अपार्ट’ करून त्याची अक्षरं मोडायची. एकदा केलं की शब्दाची सुटी अक्षरं, दुसऱ्यांदा केलं की अक्षरांची नुसती चित्रं. दिसायला ठसठशीत मराठी, पण आता ती भाषा राहिलेली नसायची. शोधता येणार नाही, दुरुस्त करता येणार नाही. ग्राहकाचा फोन यायचा, “‘कवि’तली वेलांटी दीर्घ हवी हो,” आणि अख्खी ओळ पुन्हा पहिल्यापासून. २००८ साली मूव्ही चालवून दाखवणारा फ्लॅश प्लेअर १० आला तेव्हा जोडाक्षरांच्या लिप्यांसाठी नवं यंत्र त्यात बसवलेलं होतं. तोवर कितीतरी दीर्घ वेलांट्या हातानं रेखून झाल्या होत्या.

तरुणपणी तो भलताच मोकळा होता. बटणावर हुकूम लिहा, फ्रेमवर लिहा, मूव्ही क्लिपच्या अंगावर लिहा, चालायचं. चुकीचं नाव लिहिलंत तरी तक्रार नाही. जमेल तेवढं करायचा, बाकीचं गिळून गप्प बसायचा. नवशिक्यांना हा मोकळेपणा प्रिय, मोठ्या प्रकल्पांवर काम करणाऱ्यांना तोच जाच. तीन महिन्यांपूर्वीचा हुकूम कुठल्या बटणाच्या पाठीला चिकटवलाय, हे शोधण्यात त्यांची रात्र जायची. २००६ साली त्याच्या भाषेची नवी आवृत्ती अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ आली आणि फ्लॅश एकदम शिस्तीचा झाला. बटणावर लिहायला मनाई. आधी कान लावणारा नेमा, मग घटना सांगा, मग काम. चूक झाली की १००९ नंबरची पावती फाडायचा: तुम्ही ज्याला हाक मारताय तो इथे नाहीच. काम दहापटीपर्यंत वेगवान आणि नीटनेटकं झालं, हे खरं. पण चित्रकलेच्या वर्गातून आलेली बरीच पोरं त्या उंबरठ्यावरून परत फिरली, तेही तितकंच खरं. मला त्यांची आठवण जास्त येते.

जी टिकली त्यांनी काय काय केलं! प्रागच्या कला अकादमीत याकुब द्वोर्स्की नावाच्या विद्यार्थ्यानं पदवीच्या प्रकल्पासाठी ‘सामोरोस्त’ हा खेळ फ्लॅशमध्ये रचला: झाडांच्या मुळांचा ग्रह, त्यावर पांढऱ्या टोपीचा एक चिमुकला जीव, आणि दिसेल तिथे क्लिक करत पुढे जायचं. त्याच हातांनी पुढे २००९मध्ये ‘मशिनेरियम’ घडवला. न्यूग्राउंड्स नावाच्या संकेतस्थळावर तर शाळकरी मुलं शाळेतून आल्यावर खेळ रचून रात्री जगापुढे ठेवायची. कोणाची परवानगी लागायची नाही, मोठी कंपनी लागायची नाही. एक फाइल, आणि त्यात चित्र, आवाज, हुकूम सगळं नांदतंय.

म्हातारपण लवकर आलं. आयफोननं त्याला घरात घेतलंच नाही. २०१०च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कारणं मांडली: बॅटरी खातो, सुरक्षेला भोकं आहेत, बोटांच्या पडद्यासाठी घडलेला नाही. भोकं खरीच होती, वर्षानुवर्षं बुजवत राहावी लागली. एव्हाना तो मॅक्रोमीडियाच्या घरून अडोबी कंपनीच्या घरी आला होता. २०१७मध्ये अडोबीनं तारीख जाहीर केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी प्लेअरची देखभाल थांबवली आणि १२ जानेवारी २०२१पासून त्यात काही चालू दिलं नाही. ज्याला थांबणं शिकवायला आपल्याला पहिला तास खर्चावा लागायचा, त्याला शेवटची आज्ञाही तीच मिळाली.

वारसा मात्र मागे उरला. रफल नावाचा इम्युलेटर जुन्या मूव्ही चालवून दाखवतो, आणि इंटरनेट अर्काइव्हनं त्याच्याच जोरावर हजारो मूव्ही जपल्यात. लहान मुलांना ठोकळे जोडून प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या स्क्रॅचची २०१३ची आवृत्ती फ्लॅशवरच उभी होती. २०१९मध्ये तिनं घर बदललं, शिकवण्याची रीत तीच ठेवली. आधी स्क्रॅचचं मांजर स्टेजवर, हुकूम नंतर. फ्लॅशचं बनवण्याचं दालन २०१६मध्येच अ‍ॅनिमेट हे नाव घेऊन वेगळं झालं. तिथेही ‘स्टॉप’ लिहिलं की ठिपक्याच्या डोक्यावर तो मोहरीएवढा ए येऊन बसतो.

प्रोग्रॅमिंग शिकवणारे आजही बहुतेक वेळा व्याख्येपासून सुरुवात करतात. त्यांना मी एवढंच सांगेन: आधी मुलाला न थांबणारा चेंडू द्या. तो थांबवायला लागणारी एक ओळ ते आनंदानं लिहील. आणि चेंडू थांबला की पुढचा प्रश्न तुम्हाला विचारावा लागणार नाही. ते मूलच विचारेल, “आता मी म्हणेन तेव्हाच तो पडायला कसा लावायचा?”