थरथर

आमच्या पिकअपला थरथर सुटली ती २०२३ च्या पावसाळ्यानंतर. गाडी उभी करून इंजिन कितीही रेटले तरी काही जाणवत नसे. रिकामी गाडी सपाट रस्त्यावरून मुकाट धावे. परंतु पिंपे भरून मोहोपाड्याहून दांडफाट्याच्या दिशेने निघावे आणि दुसऱ्या गिअरमध्ये वेग घ्यावा, की बैठकीच्या खालून कंप उठे. आरशाला टांगलेली रोझरी हेलकावे न घेता जागच्या जागी कापू लागे. वेग चाळिशीच्या पुढे गेला की सारे पुन्हा शांत.

ही गाडी आमच्या घरात आली ती बाबांच्या निवृत्तीच्या पैशांतून. ज्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या आधाराने आमची बाजारपेठ वाढली, त्या १९६० साली स्थापन झालेल्या कंपनीचे रसायनीतील बहुतेक विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये मंजुरी दिली. अग्निबाणाला लागणारे एक रसायन बनविणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपविण्याचे ठरले. भोवती पाताळगंगेची औद्योगिक वसाहत असल्याने मालवाहतुकीचे काम मिळत राहील, असा बाबांचा हिशेब होता. तो चुकला नाही. चुकलो ते आम्ही, आणि ते निराळ्याच ठिकाणी.

गाडी चालविण्यास चांभार्लीचा एक विशीतला तरुण होता. ज्या गॅरेजमध्ये आम्ही प्रथम गेलो, तेथील कारागिराने गाडी दहा पावले पुढे नेली आणि निकाल दिला: क्लच प्लेट जळली आहे, चालक पाय सतत क्लचवर ठेवतो. आम्ही बाबांच्या देखत त्या मुलाला बोललो. तो म्हणाला, “दादा, क्लचवरून पाय पूर्ण काढल्यावरही कापते. क्लच असता तर पाय उचलल्यावर थांबायला हवे होते.” या एका वाक्यात साऱ्या दुखण्याचे निदान होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. त्या दिवशी ते उलट उत्तर वाटले. क्लचचा निम्मा खर्च त्याच्या पगारातून वळता करून घेतला, आणि दुसऱ्या महिन्यापासून तो यायचा बंद झाला.

नवी प्लेट बसली. थरथर गेली नाही. उलट आता रिकाम्या गाडीलाही साठच्या वेगावर एक निराळीच गुणगुण जाणवू लागली. एका रोगाचे दोन झाले.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात, माल भरलेला असताना, आम्ही दांडफाट्याजवळच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. शेजारी बसून म्हणाले, “चालवा.” चढावर वेग घ्यावयास लावला, मग साठच्या वेगावर गिअर न्यूट्रल करावयास सांगितले. इंजिन शांत झाले, गुणगुण मात्र राहिली. “म्हणजे इंजिन नव्हे,” ते म्हणाले. “स्टिअरिंग हलत नाही, तेव्हा पुढची चाकेही नसावीत. चढावरची थरथर ओझ्याची आहे आणि ही वेगाची. दोन्ही शाफ्टमध्येच सापडतील.”

गाडीखाली शिरल्यावर त्यांनी आम्हांलाही आत बोलाविले. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट आमच्या गाडीत दोन तुकड्यांचा आहे. मध्ये सेंटर बेअरिंग, ते रबराच्या कड्यात बसविलेले. ते रबर एका बाजूने फाटले होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर कित्येक पटींनी वाढून शाफ्टवर येतो. माल भरलेला असला म्हणजे शाफ्ट त्या फाटक्या कड्यात उसळतो, आणि तो हादरा चासीतून थेट बैठकीपर्यंत. त्यामागच्या क्रॉसभोवती तांबूस भुकटी जमली होती. ग्रीस संपून लोखंड लोखंडाला खात होते.

मग त्यांनी सरकत्या सांध्यावर बोट ठेवले. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवे होते. ते तिरपे बसले होते. क्लच काढताना शाफ्ट उतरविला गेला आणि खडूची खूण न करता पुन्हा जोडला गेला. हे असे का बाधावे, ते आम्हांस समजेना. या सांध्याला यंत्रशास्त्रात सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांचे नाव आहे. त्याची खोड अशी, की तो कोनात फिरला म्हणजे पुढची दांडी एकसारख्या गतीने फिरत नाही; प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते, दोनदा मागे राहते. दुसरा सांधा योग्य रेषेत व तेवढ्याच कोनात बसविला, तर पहिल्याची चूक तो पुसून टाकतो. रेषा चुकली की चुकीत चूक मिळते. मिस्त्रींनी हे सारे दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून, एका वाक्यात सांगितले: “एक ढकलतो तेव्हा दुसऱ्याने ओढून धरायचे असते.”

आम्ही विचारले, रबर फाटले कशाने? ते मागच्या पाट्यांकडे पाहत राहिले. पाटे सपाट झाले होते. “किती भरता?” आम्ही खरा आकडा सांगितला. तो कागदावरच्या आकड्याहून बराच मोठा होता. जास्त ओझ्याने मागची बाजू बसते, शाफ्टचा कोन बिघडतो आणि मार मधल्या बेअरिंगवर येतो. एक फेरी वाचविण्यासाठी वर्षभर चार पिंपे अधिक चढविण्याचा हुकूम चालकाचा नव्हता.

बेअरिंग, दोन क्रॉस आणि पाट्यांची दुरुस्ती मिळून खर्च क्लचच्या निम्म्याहूनही कमी आला. मिस्त्रींनी काटे जुळवून दोन्हीकडे छिन्नीने एकेक टिंब उमटविले. खडू पावसात जातो, म्हणाले. नियमाइतकाच माल घेऊन आम्ही चौकावरून खोपोलीपर्यंत गेलो. रोझरी नुसती वळणांवर हलत होती.

परतताना गाडी चांभार्लीला वळविली. तो अंगणात सायकलची साखळी बसवीत होता. वळते केलेले पैसे आम्ही पुढे केले आणि सांगितले की दोष क्लचचा नव्हता. त्याने पैसे मोजले नाहीत. हात पुसून गाडीखाली वाकला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “सेंटर बेअरिंग नवीन टाकले?”

“हो,” आम्ही म्हणालो.

“मग पिंपे किती भरता आता?”

आम्ही आकडा सांगितला. त्याने मान हलविली. सोमवारी येतो की नाही, हे मात्र आईला विचारून सांगतो म्हणाला.