टेकापोच्या काठी
न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील आमच्या प्रवासाचा तो शेवटून दुसरा दिवस. बारा दिवस मोटारहोमच्या अरुंद घरकुलात आम्ही पतिपत्नी कधी रस्त्यावरून, कधी वेळेवरून वाद घालीत आलो होतो. त्या सकाळी तर अबोलाच होता. टेकापो सरोवराकाठी गाडी उभी केली. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पिठी पाण्यात तरंगत राहते, म्हणून ते असे दुधाळ निळे दिसते. काठावर १९३५ साली बांधलेले ‘उत्तम मेंढपाळा’चे दगडी चर्च आहे. वेदीमागच्या खिडकीतून तेच पाणी आणि पलीकडचे डोंगर दिसतात. आम्ही एकाच बाकावर बराच वेळ बसलो. क्षमा कोणीच मागितली नाही. गाडीत परतल्यावर एकाने चहा ठेवला. दुसऱ्याने न सांगता दोन कप मांडले. क्राइस्टचर्च गाठायचे ते उद्या.