सायकलींच्या गावातली किल्ली

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेल्या आया परत आल्या की काय काय सांगतात, ते तुम्हाला आता पाठ असेल. हे रुंद रस्ते, ही मोठी दुकानं, आणि भांडी घासायचं यंत्र. मी २०२३ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी गेले होते, आणि परत आले ती चक्क सायकल दुरुस्तीच्या एका जागेची गोष्ट घेऊन. हसू नका, आधी ऐकून तर घ्या!

डेव्हिस हे सॅक्रामेंटो शहराच्या पश्चिमेला, मोटारीनं वीसएक मिनिटांवर. जमीन तळहातासारखी सपाट. भोवती टोमॅटोची शेतं. हंगामात टोमॅटोनं शिगोशीग भरलेले ट्रक धावतात, आणि वळणावर सांडलेल्या टोमॅटोंचा रस्त्याकडेला लाल सडा पडतो. आपल्याकडे असता तर बायका पिशव्या घेऊन धावल्या असत्या, असं माझ्या मनात आलंच!

या गावानं १९६७ साली रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळे पट्टे आखले. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं गाव म्हणतात. गावात मोठं विद्यापीठ आहे. त्याच्या आवाराच्या मध्यभागी मोटारींना मज्जाव, आणि चौकाचौकांत सायकलींसाठी गोल चक्रं. सप्टेंबरअखेर नवी मुलं दाखल होतात, त्या चक्रांत गोंधळतात, एकमेकांवर आपटतात. जुनी मंडळी कडेला उभी राहून गंमत बघतात. मिरजेत तासाच्या भाड्यानं सायकल आणून शिकलेली मी. मला तर ते गाव पहिल्याच दिवशी माहेरचं वाटलं.

एका गुरुवारी जावयांच्या सायकलीची चेन तुटली. ते म्हणाले, “आई, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो.” बाळ-बाळंतीण झोपली होती, मी निघाले.

गॅरेजवजा एक मोठी खोली. भिंतीवर पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्यामागं त्याच्याच आकाराची सावली रंगवलेली. पाना जागेवर नसला की लगेच कळतं. फळ्यांवर बरण्या आणि डबे ओळीनं मांडलेले. आपल्या डाळी-मसाल्यांसारखेच, पण आत छर्रे, नट, ब्रेकची रबरं. लोकांनी दान दिलेल्या जुन्या सायकलींतून काढलेलं हे सामान. आणि खरी मजा पुढंच. तिथं तुमची सायकल कुणी दुरुस्त करून देत नाही. ती कशी करायची ते शेजारी उभं राहून शिकवतात, हात काळे तुम्हीच करायचे. अमेरिकेत गावोगावी अशा जागा आहेत, आणि त्यातल्या कित्येक बिनपगारी माणसांच्या जिवावर चालतात.

तिथं एक सत्तरीच्या बाई होत्या. निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना नावानं हाक मारत होते, माझी काही जीभ वळेना. मी आपली ‘बाई’च म्हणत राहिले. त्या एका पोराला चाकाचा आऊट काढायला शिकवत होत्या. चाक फिरवायचं, कुठं लचकतंय ते पाहायचं, आणि तिथली तार चावीनं पाव फेरा आवळायची किंवा सैल करायची. पावच. घाई केली की चाक आणखी बिघडतं. मलाही त्यांनी करायला लावलं. तीन तारा आवळल्यावर चाक जरासं सरळ झालं, तेव्हा मला पहिली पोळी फुगल्यासारखा आनंद झाला!

“यांना पगार किती?” मी जावयांना विचारलं. काहीच नाही, म्हणे. दहा वर्षं दर गुरुवारी या बाई येतात. आणि नेमका त्याच महिन्यात मंडळींपुढं प्रश्न होता की या दहा वर्षांचं त्यांना काय द्यायचं?

पुढचे तीन गुरुवार मी मुद्दाम गेले. अशा जागांची रीत मला कळली. काम केलेले तास वहीत लिहितात, त्या तासांवर जुने सुटे भाग घेता येतात. नवे भाग मूळ खरेदीच्या भावात मिळतात. दुकान बंद झाल्यावर आपली सायकल निवांत दुरुस्त करता येते. जो टिकतो त्याला बैठकीत मत मिळतं, आणि दाराची किल्ली. रोख पैसे मात्र सहसा देत नाहीत. तासाला इतके डॉलर असं सुरू झालं, की १९३८ च्या मजुरीच्या कायद्यानं तो माणूस नोकर ठरू शकतो. शिवाय जावई म्हणाले, सेवेसाठी आपली मोटार वापरली तर मैलामागे १४ सेंट करातून वजा होतात, पण दिलेल्या वेळेचा एक छदामही वजा होत नाही. सरकारदरबारी वेळेला किंमत नाही, हे ऐकून मला आपण घरच्या बायकाच आठवलो.

बाईंनी वहीतले तास कधी वापरलेच नव्हते. मग कुणी म्हणालं, पितळी पाटी लावू. कुणी म्हणालं, हॉटेलात जेवण देऊ. कोपऱ्यात ट्यूब चिकटवत बसलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “त्यांना विचारलंय का कुणी?”

विचारलं. बाईंनी जरा विचार करून सांगितलं. बसायला एक उंच स्टूल हवं. सायकल टांगायचा एक स्टँड माझ्या उंचीला खाली करा, खांदा दुखतो. आऊट काढायला दोघं जण माझ्याकडून नीट शिकून घ्या. डिसेंबरभर मला सुट्टी द्या, आणि मी नसताना कुणाची अडचण झाली असं म्हणू नका. आणि हो, सुट्टीतही किल्ली माझ्याजवळच राहू द्या.

बस्स! माझ्या घशाशी आवंढा आला. का, ते सांगते.

आमच्या महिला मंडळाचं छोटं वाचनालय एका काकूंनी अठरा वर्षं सांभाळलं. पुस्तकांना खळ लावून पुठ्ठे चढवण्यापासून ते थकलेली वर्गणी गोड बोलून आणण्यापर्यंत सगळं. मी जाण्याआधी दोन वर्षं आम्ही त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, भाषणं. भाषण माझंही होतं. “आता काकूंनी विश्रांती घ्यावी,” असं मी मोठ्या प्रेमानं म्हटलं, आणि कपाटाची किल्ली टाळ्यांच्या गजरात नव्या चिटणीस बाईंच्या हाती दिली. त्यानंतर काकू वाचनालयात फिरकल्या नाहीत. आम्ही समजलो, दमल्या असतील. सत्कार म्हणून आपण निरोप दिला, हे मला डेव्हिसच्या त्या खोलीत कळलं.

परत आल्यावर आठवडाभरात काकूंकडे गेले. काही न्यायचं सुचलं नाही, रिकाम्या हातानंच गेले. चहा झाला. म्हटलं, “काकू, चुकलं आमचं. तुम्हाला काय हवं होतं, ते विचारलंच नाही.”

त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, कपाटावरचा दिवा गेलाय, तो लावा. वरच्या फळीवर चढायला आता एखादी पोर सोबत द्या. आणि घड्याळ घेऊन जा बाई. माझी किल्ली तेवढी द्या.”

नव्या चिटणीस बाईंनी दुसऱ्याच दिवशी किल्लीची जोडकिल्ली करून आणली. आता मंगळवारी काकू येतात, आणि नववीतली एक मुलगी त्यांच्याकडून पुस्तकं शिवायला शिकते.

तुमच्याही आसपास अशी एखादी असेलच. मंडळात, बालवाडीत, देवळाच्या भांड्यांच्या खोलीत, नाहीतर थेट तुमच्या घरात, सासूच्या नाहीतर जावेच्या रूपानं. शालीचं दुकान गाठण्याआधी एकदा तिच्याजवळ बसा आणि विचारा. ती बहुधा फार थोडंच मागेल, पण ते तुम्हाला दुकानात मिळायचं नाही.