पुढचं चक्र एक की तीन? नाक्याचा रोड आणि वावराची पांदण



पावसाळ्याआधी गेअरची सायकल घ्यायची म्हणतो, पुढं एक चक्र असलेली घेऊ की तीनवाली, असं दोघा-तिघांनी विचारलं. पीकपाण्याच्या पेजवर सायकल कशाला, असं कुणाला वाटेल. पण जून ते सप्टेंबर पांदणीत मोटारसायकल फसते, ट्रॅक्टरही फसतो. तेव्हा वावरात वेळेवर पोचणं हा शेतीचाच विषय आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली वाट दोन तऱ्हेची. कनेरगाव नाक्यावरून निघालं की हिंगोली-वाशिम रोडचं डांबर, तिथं वेग पाहिजे. रोड सोडला की पैनगंगेकडची काळी माती. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. दोन्हीकडं चालतील असे गेअर पाहिजेत, आणि कॅरिअरवर फवारणीचा पंप बांधलेला असताना मधेच चेन अडकून बसायला नको.

आधी हिशोब. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागायचं. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक तेवढे फेरे घेतं. आकडा मोठा तर वेग जास्त, लहान तर पायाला हलकं. घरची जुनी काळी सायकल मोजली: पुढं ४४, मागं १८. भागाकार २.४४. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर. डांबरावर झकास, पण ओझं घेऊन पांदणीच्या चढाला लागलं की गुडघे बोलायला लागतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी दूध, डबे, बियाणं सगळं याच एका गेअरवर वाहिलं, आणि चढाला उतरून सायकल ढकलली.

आता २१ गेअरची सायकल. बऱ्याच सायकलींना पुढं २४, ३४ आणि ४२ दात्यांची तीन चक्रं असतात, आणि मागं १४ ते २८ दात्यांची सात. तीन सत्ते एकवीस. पण २४ ला १६ नं भागा, दीड येतं. ४२ ला २८ नं भागा, तेही दीडच. ३४ ला २२ नं भागलं तर १.५५. असे एकमेकांवर चढलेले गेअर वजा केले तर खरे वेगळे १४ च्या आसपासच उरतात. पैसे २१ चे, काम १४ चं.

एका चक्राच्या सायकलला पुढं ३२ आणि मागं ११ ते ४२ दात्यांची ९ चक्रांची कॅसेट धरा. सगळ्यात जड गेअर २.९१, सगळ्यात हलका ०.७६. तीनवालीचे हेच आकडे ३ आणि ०.८६. म्हणजे डांबरावरचा वेग जवळपास तोच, आणि चढाला उलट जास्त हलकं. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी ३० किलोमीटर होतात. वावरात जायला याहून जास्त कशाला लागतं?

चिखलाचा मुद्दा याहून मोठा. तीनवालीत पुढची चेन ढकलायला पत्र्याचा छोटा पिंजरा असतो. तो मागच्या चाकाच्या अगदी पुढं बसतो, त्यामुळं चाकानं उडवलेला चिखल थेट त्याच्यावर. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. त्यात गवत, काडीकचरा गुंतला की पिंजरा हलत नाही आणि चेन भलत्याच चक्रावर अडकते. एक चक्र असलं की हा पिंजरा, त्याची वायर आणि डाव्या हातातलं गेअर, तिन्ही गेले.

डोंगरात सायकल चालवणारेही याच वाटेनं गेले. २०१२ साली स्रॅम कंपनीनं पुढं एकच चक्र आणि मागं १० ते ४२ दात्यांची ११ चक्रं असलेला संच आणला. पुढच्या चक्राचे दाते एक जाड, एक बारीक असे ठेवले. चेनमध्येही एक फट रुंद, एक अरुंद असते. दोन्ही नीट जुळले की खडबडीत वाटेवर चेन सहसा उतरत नाही. म्हणून अशा चक्राचे दाते सम आकड्यात असतात.

तोटेही सांगतो. दोन गेअरमधलं अंतर जास्त असतं, त्यामुळं लांबच्या डांबरावर पायाची लय पटकन जुळत नाही. सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गेअरवर चेन तिरपी पळते, लवकर झिजते. मोठी कॅसेट महाग, आणि ९ गेअरची बारीक चेन गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. एक जास्तीची घरात ठेवायची. नवीन चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग वाढेपर्यंत थांबू नका, तोवर ती कॅसेटलाही खाते. अर्ध्या सुतावर चेन बदलायची.

पुढचं चक्र किती दात्यांचं, हे पांदणीतल्या सगळ्यात वाईट चढावरून ठरवायचं. डांबर जास्त, ओझं कमी असेल तर ३६ चालेल. मागं ४२ असेल तर त्याचा हलका गेअर ०.८६, तीनवालीच्या हलक्या गेअरइतकाच. ओझं आणि चिखल जास्त असेल तर ३२.

ज्यांच्या घरात पोराची २१ गेअरची सायकल आहे, त्यांनी सोयाबीनचे पैसे मोडण्याआधी फुकटात तपासून बघा. डावं गेअर २ वर ठेवा आणि पंधरा दिवस त्याला हात लावू नका. ३४ ला १४ नं भागलं की २.४३, म्हणजे काळ्या सायकलचाच गेअर, आणि त्याखाली आणखी सहा हलके. पंधरा दिवसांत १ किंवा ३ ची आठवण आली नाही, तर नवीन सायकल घ्यायचीच गरज नाही, आहे तीच वापरा. चढाला १ लागलाच, तर मागं मोठी कॅसेट असलेली एका चक्राची बघा. आणि रोज ३ च लागत असेल, तर तुमचं काम डांबरावरचं आहे, तीनवालीच बरी.

दाते मोजून, वापरून बघा आणि तुमच्या पांदणीत काय जमलं ते इथं कळवा.