श्रावस्ती : अंगुलिमालाच्या स्तूपापाशी

श्रावस्तीला जाणारे आपले बहुतेक यात्रेकरू जेतवनातच रमतात. गंधकुटीपुढे वंदना होते, आनंदबोधीखाली फोटो निघतात, तोवर गाडीची वेळ होते. आम्ही मात्र महेटकडची पक्की कुटी पाहूनच निघालो. विटांचे हे उंच बांधकाम अंगुलिमालाचा स्तूप मानले जाते. जवळच कच्ची कुटी. ती जेतवन दान देणाऱ्या अनाथपिंडिकाची म्हणतात. दानशूर आणि दरोडेखोर असे शेजारी शेजारी!

माणसे मारून बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमालाची कथा घरोघर ठाऊक आहे. बाबासाहेबांनीही त्याची धम्मदीक्षा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली. सुत्तातला पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्याला धरायला घोडदळासह निघालेल्या राजा प्रसेनजिताने, तो भिक्खू झालेला पाहून, कैद करण्याऐवजी चीवर देऊ केले. पण नंतर भिक्षेला गेला असता तो दगडांचा मार खाऊन, डोके फुटून, भिक्षापात्र मोडून परतला. राजाने सोडले, गावाने सोडले नाही.

तिथेच सावलीला बसून आमच्यात आजच्या कायद्याची चर्चा निघाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली आहे. ५००० रुपयांच्या आतली चोरी, शिक्षेची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर तुरुंगाऐवजी लोकांच्या उपयोगाचे बिनपगारी काम. तुरुंगात गेलेल्या पोराची नोकरी जाते, घर उपाशी पडते. त्यापेक्षा हे केव्हाही बरे. पण ही शिक्षा गुन्हा शाबित झाल्यावरची. २०२२ अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघांचे खटलेच निकाली निघाले नव्हते.

आमच्यातल्या एका आजींनी विचारले, "काम म्हंजे झाडूच ना? मग आपल्याच पोराच्या हातात देतील." आजींची शंका खोटी नाही. तुरुंगात जात बघून झाडलोट आणि संडाससफाई वाटण्याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. म्हणजे तोवर ते कागदावर होतेच! दवाखान्यात, वाचनालयात, झाडे लावायलाही माणसे लागतात. असा खटला कोणाच्या घरी आलाच, तर वकिलाला कलम ३०३ विचारावे, आणि काम कोणते देणार तेही विचारावे.