राखणीचा कुत्रा

गेल्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर घरफोड्या झाल्या, तेव्हापासून मुलांनी बुलमॅस्टिफ घेण्याचा धोशा लावला आहे. ही जात इथलीच. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांच्या रानात रात्री चोरून शिकार चाले, म्हणून रखवालदारांनी मॅस्टिफ आणि बुलडॉगच्या संकरातून हा कुत्रा तयार केला. प्रमाण ६०:४०; आम्हा रसायनवाल्यांच्या हे चटकन लक्षात राहते! केनेल क्लबने १९२४ साली मान्यता दिली. नराचे वजन ५० ते ५९ किलो. चोराला फाडायचे नाही, रखवालदार येईपर्यंत पाडून धरायचे, हे त्याचे काम. पण त्याला माणसांचा सहवास लागतो. आम्ही दोघेही नोकरीवर, मुले शाळेत. रिकाम्या घरात एवढ्या मायाळू जनावराला कोंडणे आम्हाला पटेना. तूर्त नवे कुलूप बसवले आहे. मुले अजून रुसलेली आहेत.