गप्प बसणाऱ्या पदार्थाच्या शोधात

चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये, कॉलेज रोडवरच्या हवामान केंद्राच्या आवारात 1792 सालचा एक ग्रॅनाइटचा खांब उभा आहे. हा मद्रास वेधशाळेचा अवशेष. 1861 साली तिथे रुजू झालेल्या नॉर्मन पॉगसन यांनी त्याआधीच ताऱ्यांच्या तेजाला गणिती माप सुचवलं होतं: पाच प्रतींचा (मॅग्निट्यूडचा) फरक म्हणजे प्रकाशात शंभर पट फरक. आज जगभर चालतं ते हेच माप. मोजायचं साधन मात्र तेव्हा डोळाच होता. त्याच वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारींनी 1867 साली ‘आर रेटिक्युली’ या ताऱ्याचं तेज बदलतं हे ओळखलं, तेही दुर्बिणीला लावलेल्या डोळ्यानंच.

आणि डोळा हे काही ऐरंगैरं साधन नव्हे. अंधाराला सरावलेल्या माणसाला उजेड जाणवायला दृष्टिपटलात जेमतेम 5 ते 14 फोटॉन शोषले गेले तरी पुरतं, असा निष्कर्ष हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी 1942 साली काढला. पुढे तर दृष्टिपटलातली दंडपेशी एकट्या फोटॉनलाही प्रतिसाद देते हे दिसलं. पण तिच्यातलं रोडॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य नुसत्या उष्णतेनंही अधूनमधून चाळवतं, आणि प्रकाश आलेला नसताना आल्याची वर्दी देतं.

ही खोटी वर्दी म्हणजे ‘डार्क काउंट’. एकेक फोटॉन मोजणाऱ्या शोधकांवर काम करणाऱ्या पदार्थवैज्ञानिकाची उमेदीची वर्षं तिच्या मागे जातात. प्रकाश पकडणारे पदार्थ पुष्कळ आहेत. एरवी गप्प बसणारे थोडे.

अशा एका गप्प पदार्थाची वाट पुन्हा मद्रासवरूनच जाते. तिथलं खगोलकार्य 1899 साली कोडाईकनालला हललं, आणि त्याच परंपरेतून बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था उभी राहिली. या संस्थेनं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रासह इतरांच्या सहकार्यानं घडवलेली अतिनील दुर्बीण 28 सप्टेंबर 2015 रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या उपग्रहावरून अवकाशात गेली. तिच्या दूर-अतिनील शोधकात सीझियम आयोडाइडचा थर आहे. दृश्य प्रकाशाला हा पदार्थ जवळपास आंधळा, आणि इथे तोच त्याचा मोठा गुण. दमट हवा मात्र त्याला सोसत नाही, म्हणून तो निर्वात नळीत बंद ठेवावा लागतो. याच दुर्बिणीनं 28 तासांहून जास्त वेळ टिपलेल्या प्रकाशातून आयुकाच्या कनक साहा यांच्या गटाला 9.3 अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे अतितीव्र अतिनील किरण सापडले. 2020 साली ते प्रसिद्ध झालं. शोधकाचा गोंगाट कमी होता, म्हणून हबलच्या तुलनेत छोट्या दुर्बिणीला हे जमलं. माझ्या मते या कथेचा नायक तो थरच आहे, पण बातम्यांमध्ये त्याला जागा मिळत नाही.

2001 साली मॉस्कोत गोल्ट्समन यांच्या गटानं एकेक फोटॉन मोजण्याचा नवा रस्ता दाखवला. नायोबियम नायट्राइडची काही नॅनोमीटर जाडीची अतिवाहक तार घ्यायची, अतिवाहकता तुटेल त्याच्या किंचित अलीकडे विद्युतप्रवाह ठेवायचा. फोटॉन आदळला की तेवढ्या जागी अतिवाहकता मोडते आणि विजेचा ठोका उमटतो. सगळी मदार थरावर. तो घडवताना निर्वात पात्रात आर्गॉन आणि नायट्रोजनचं प्रमाण जरा हललं तरी अतिवाहक होण्याचं तापमान बदलतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) याच पदार्थाच्या पातळ थरांवर बारकाईनं काम झालं आहे.

तार निरपेक्ष शून्याच्या दोन-चार अंश वर ठेवली तरी खोट्या वर्दी संपत नाहीत. प्रकाश आत आणणारा काचतंतू खोलीतलं उष्णताप्रारणही घेऊन येतो. म्हणून तोच तंतू थंड भागात वेटोळा करून बसवतात, किंवा वाटेत थंड गाळणी लावतात.